ट्रक कॅम्पर, उणे तीस आणि छपरावरचं सोलर: हिवाळाभर बॅटऱ्यांचं काय करायचं?

रानवारा (कॅल्गरी)

नमस्कार मंडळी. कॅनडा-अमेरिकेत कॅम्पर बाळगणारे बरेच जण इथे आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसतं, म्हणून विचारतो.

पिकअपच्या हौद्यात बसणारा साडेआठ फुटी कॅम्पर यंदा जुना घेतला. इथल्या ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगची बॅन्फ-जॅस्पर चक्कर झाली की तो ट्रकवरून उतरवायचा आहे, कारण हिवाळ्यात ट्रक रोजच्या कामाला लागतो. मग कॅम्पर घरामागच्या गल्लीलगत, स्वतःच्या चार जॅकवर, थेट एप्रिलपर्यंत.

आत १०० ॲम्पिअर-तासाच्या दोन एजीएम (शिशाच्या, बंद डब्याच्या) बॅटऱ्या समांतर जोडलेल्या आहेत. छपरावर १०० वॅटची दोन पॅनेलं, अगदी सपाट. कंट्रोलर, म्हणजे पॅनेलची वीज बॅटरीत बेताने सोडणारा डबा, साधा पीडब्ल्यूएम जातीचा. घरची वीज तिथवर न्यायची तर वायर बर्फ उपसायच्या वाटेत येते, त्यामुळे तो पर्याय बाद.

विकणारा म्हणाला, "सोलर आहे ना, मग बघायलाच नको." शेजारचे आजोबा म्हणतात, बॅटऱ्या काढ आणि तळघरात ठेव. एकेक बॅटरी तीस किलोच्या आसपास आणि माझी कंबर आधीच कुरकुरते. कोणाचं ऐकू?

गारठा (एडमंटन)

विकणाऱ्याचं तर नक्कीच नको. सपाट पॅनेलवर वीतभर बर्फ साचला की त्यातून काहीही मिळत नाही, आणि आपल्याकडे तो आठवडेच्या आठवडे बसून राहतो. तुमच्याकडे चिनूक वारं येतं, जानेवारीतही एखादा दिवस शून्याच्या वर जातो आणि बर्फ वितळतो, तेवढं तुमचं नशीब आमच्यापेक्षा बरं.

बर्फ नसला तरी ऊन कुठून आणणार? २१ डिसेंबरला कॅल्गरीत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेपंधरा अंश वर असतो. पुण्यात त्याच दिवशी तो ४८ अंशांवर असतो. दिवस आठ तासांचाही भरत नाही. सपाट पॅनेलला थेट उन्हाचा जेमतेम पाव हिस्सा लागतो. तेच पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून उभं केलं तर ९६ टक्के लागतो. म्हणून मी हिवाळ्यापुरतं एक सुटं पॅनेल गॅरेजच्या दक्षिण भिंतीला जवळजवळ उभंच टेकवतो. त्यावर बर्फ टिकत नाही, शिवाय समोरच्या बर्फावरून परतणारा उजेड वरचा.

आणि छपरावर चढून झाडू मारायचं मनात असेल तर काढून टाका. ओल्या फायबरग्लासवर बर्फाचा पापुद्रा आला की पाय कुठे आणि आपण कुठे.

खडूस

एवढ्या खटाटोपापेक्षा बॅन्फला हॉटेलात का राहत नाही? (दिवे घ्या, म्हणजे हलके घ्या.)

रानवारा

@खडूस, जुलैत बॅन्फमधल्या हॉटेलांचे दर बघा आणि मग तुम्हीच दिवे घ्या.

@गारठा, उभ्या पॅनेलची कल्पना आवडली. पण मूळ प्रश्न बाकी आहे. बॅटरी उणे तीसमध्ये बाहेर राहिली तर गोठते का?

धनऋण (पुणे)

आमचा पिढीजात धंदा बॅटऱ्यांचा, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितो. बर्फ मी फक्त फ्रीजरमध्ये पाहिला आहे, पण ॲसिड सगळीकडे सारखंच वागतं.

एजीएम म्हणजे शेवटी शिसं आणि गंधकाम्लच; फक्त ॲसिड काचेच्या तंतूंच्या जाळीत शोषलेलं. बॅटरी भरलेली असली की ॲसिड दाट असतं. उतरत गेली की त्यातलं गंधकाम्ल प्लेटांवर सल्फेट होऊन बसतं आणि मागे उरतं ते बरंचसं पाणी. गोठतं ते हे पाणी. ग्रॅव्हिटी (ॲसिडच्या दाटपणाचं माप) १.२६५ म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी: ती उणे ५० च्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. अर्धी उतरली की ग्रॅव्हिटी १.१९० च्या आसपास येते आणि गोठणबिंदू साधारण उणे २३ वर. पूर्ण उतरलेली तर उणे ८-१० लाच गोठते.

म्हणजे उणे तीसच्या एकाच रात्री, एकाच कॅम्परमध्ये, भरलेली बॅटरी मजेत असते आणि अर्धी उतरलेली फुटते. गोठलेल्या बॅटरीचा डबा फुगतो, तडकतो, आतल्या प्लेटा वाकतात. अशा बॅटरीला चार्जर अजिबात लावू नका, स्फोट होऊ शकतो.

एजीएमला झाकणं नसतात, ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर घालता येत नाही. मग व्होल्ट बघायचे, पण चार्जिंग बंद करून निदान रात्रभर विश्रांती दिल्यावर. १२.८ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे अर्धी. चार्ज होत असताना मीटर १३.५ दाखवतं ते बघून खूश होण्यात अर्थ नाही.

आता गंमत बघा. बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप थोडी थोडी उतरते, पण तापमान दहा अंशांनी घटलं की हा वेग जवळजवळ निम्मा होतो. चांगली एजीएम २५ अंशांना महिन्याला दोन-तीन टक्के सोडत असेल, तर शून्याखाली ती नगण्यच सोडते. आमच्याकडे उलटं. नागपूर-जळगावच्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या बसतात त्या उष्म्याने. म्हणून तर आपल्याकडच्या ट्युब्युलर बॅटरीत ॲसिडच थोडं पातळ भरतात, १.२४० च्या आसपास.

तात्पर्य, आजोबांच्या तळघराची गरज नाही. भरा, सोडवा, तिथेच ठेवा.

गारठा (एडमंटन)

धनऋण, +१. हा प्रतिसाद वाखूसा (वाचनखूण साठवा).

रानवारा

धनऋण, फार उपयोगी. "सोडवा" म्हणजे डिस्कनेक्ट स्विच फिरवायचा, एवढंच ना? तो आहे कॅम्परमध्ये. पण आत्ता क्लॅम्प मीटर लावून पाहिलं तर दिवे, पंप, फ्रीज सगळं बंद आणि स्विच फिरवलेला असूनही ०.१ ॲम्पिअर जातोच आहे. कोण खातंय?

चिंगी_मिनेसोटा

गॅस डिटेक्टर. पैज लावते. दाराजवळ जमिनीलगत असतो ना, हिरवा ठिपका असलेला, तो. बऱ्याच कॅम्परमध्ये तो मुद्दाम स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीला जोडलेला असतो, म्हणजे कोणी स्विच बंद करून झोपलं तरी तो जागा राहावा. शिवाय रेडिओची मेमरी, आणि खुद्द सोलर कंट्रोलर. रात्री किंवा पॅनेल बर्फाखाली असताना कंट्रोलर स्वतःच बॅटरीवर जगतो.

हिशेब करा. ०.१ ॲम्पिअर म्हणजे दिवसाला २.४ ॲम्पिअर-तास. तुमच्या २०० पैकी १०० संपायला सहा आठवडे. ऑक्टोबरच्या मध्यात उभा केलेला कॅम्पर नोव्हेंबरअखेर अर्ध्यावर. पहिली खरी थंडी नेमकी तेव्हा येते. धनऋण यांचा उणे २३ चा आकडा परत वाचा.

म्हणून स्विचवर न थांबता बॅटरीची ऋण केबलच काढा. पण त्याआधी पॅनेलची वायर कंट्रोलरपासून सुटी करा. क्रम महत्त्वाचा: आधी पॅनेल, मग बॅटरी. पॅनेल चालू असताना बॅटरी काढली तर कंट्रोलरवर पॅनेलचं पूर्ण व्होल्टेज मोकळं सुटतं आणि काही स्वस्त कंट्रोलर त्यात जातात. वसंतात जोडताना उलट: आधी बॅटरी, मग पॅनेल. आणि डिटेक्टर परत चालू झाला आहे हे तपासल्याशिवाय आत झोपू नका.

पेठकर_काका

धनऋण यांचं रसायन बरोबर आहे, निष्कर्ष मला घाईचा वाटतो.

रानवारा, कॅम्पर जुना घेतलात म्हणता. बॅटऱ्या किती जुन्या आहेत? डब्यावर तारखेचा शिक्का असतो, तो बघा. नव्या एजीएमला सहा महिने सोडून देणं ठीक. पण पाच-सहा वर्षं वापरलेल्या बॅटरीतला एखादा सेल अशक्त असेल तर तिची गळती पुस्तकातल्या आकड्यांना जुमानत नाही. आणि दोन बॅटऱ्या समांतर असतील तर अशक्त बॅटरी हळूहळू धडधाकट बॅटरीलाही खाली ओढते. निदान दोन्ही एकमेकींपासून सोडवून ठेवा. मी तर सोलर चालूच ठेवीन, मात्र नीट.

नीट म्हणजे तापमानाचा सेन्सर बॅटरीला चिकटवलेला. एजीएम भरण्याचे १४.४ व्होल्ट हा आकडा २५ अंशांचा आहे. थंडीत बॅटरीला जास्त व्होल्ट लागतात: सेलमागे, अंशामागे ३ ते ५ मिलिव्होल्ट. सहा सेल, आणि उणे १५ ला फरक ४० अंशांचा. गुणाकार करा, ०.७ ते १.२ व्होल्ट येतो. म्हणजे १५ च्या वर जायला हवं. बिनसेन्सरचा पीडब्ल्यूएम १४.४ ला थांबतो, हिरवा दिवा लावतो, आणि आपण समजतो बॅटरी भरली. ती भरलेली नसते. महिनोन्‌महिने असं चाललं की सल्फेट घट्ट बसतं आणि मग ते निघत नाही.

धनऋण (पुणे)

काका, सेन्सरच्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आपल्याकडेही इन्व्हर्टरवाले तो बसवत नाहीत आणि उन्हाळ्यात बॅटरी उकळते, तो याच रोगाचा दुसरा चेहरा.

पण जी टाकी गळतच नाही ती रोज कशाला भरत बसायची? सोलर जोडून ठेवायचं म्हणजे कंट्रोलर जोडून ठेवायचा, म्हणजे २०-३० मिलिॲम्पिअरचं सततचं खाणं आलं. पाच महिन्यांत ते ७० ते १०० ॲम्पिअर-तास होतं. पॅनेल उघडं असेल तर ते रोज भरून निघतं. बर्फाखाली असेल तर ज्याच्या भरवशावर राहायचं तोच बॅटरी खातो. सपाट पॅनेल असलेल्या माणसाला मी सोलर काढ असंच सांगेन.

पेठकर_काका

मग असं म्हणू: उभं पॅनेल आणि सेन्सर असेल तर चालू, सपाट पॅनेल असेल तर सगळं सोडवून, महिन्यातून एकदा मीटर लावून बघणं. १२.५ च्या खाली दिसली की त्या बॅटरीपुरतं तळघर. माझा आग्रह मीटरचा आहे, सोलरचा नाही.

चिंगी_मिनेसोटा

हे सगळं शिशाच्या बॅटऱ्यांचं झालं. धागा शोधत येणाऱ्या लिथियमवाल्यांसाठी लिहून ठेवते, नाहीतर कोणी तरी वरचं वाचून तसंच करेल.

लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे हल्ली कॅम्परमध्ये बसवतात ती, हिचं शास्त्र जवळजवळ उलटं आहे. शिशाला काठोकाठ भरून ठेवायचं. हिला पूर्ण भरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने ठेवणं चांगलं नाही. निम्मी ते तीन चतुर्थांश भरून सोडवायची. थंडीत गोठायचं तिला भय नाही, पण शून्याखाली तिला चार्ज करायचं नाही. गोठणबिंदूखाली चार्जिंगचा प्रवाह दिला की लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूचा थर होऊन बसतात. क्षमता कायमची जाते, आणि आत शॉर्ट होण्याचा धोका राहतो. थंडीत वीज काढून घेणं चालतं, बहुतेक कंपन्या उणे २० पर्यंत परवानगी देतात. घालणं चालत नाही.

बऱ्या बॅटरीतली बीएमएस (बॅटरीची राखण करणारं आतलं सर्किट) शून्याजवळ चार्जिंग तोडते. स्वस्तातल्या काही तोडत नाहीत. माहितीपत्रकात "लो टेम्परेचर चार्ज कटऑफ" स्पष्ट लिहिलेलं नसेल तर ते नाही असं धरा. म्हणजे छपरावरचं पॅनेल, जे शिशाच्या बॅटरीला निदान निरुपद्रवी, ते हिच्यासाठी फेब्रुवारीच्या लख्ख उन्हात शत्रू आहे. मिनियापोलिसला सगळ्यात कडक थंडीचे दिवस नेमके निरभ्र असतात.

गारठा (एडमंटन)

हीटर असलेल्या लिथियम बॅटऱ्या मिळतात ना आता?

चिंगी_मिनेसोटा

मिळतात, आणि वापरात असलेल्या कॅम्परला उत्तम. पण उभ्या कॅम्परमध्ये तो हीटर आधी बॅटरी गरम करायला वीज मागणार, आणि डिसेंबरात पॅनेल ती देणार नाही. शिवाय १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम बॅटरी ११-१२ किलोची. ती एका हाताने उचलून घरात आणता येते, मग बाहेर ठेवून जीव टांगणीला कशाला? आमची कपाटात असते, टोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या घालून. थंड आणलेली लगेच चार्जरला लावू नका मात्र. बाहेरून हाताला कोमट लागली तरी गाभा तासन्‌तास थंडच राहतो. कॅल्गरीवाल्यांनी चिनूकच्या दिवशी हे विशेष लक्षात ठेवावं: हवा अधिक आठ, बॅटरी अजून उणे बारा.

दवबिंदू

थोडं अवांतर. आम्ही न्यू जर्सीत, आईबाबांची गाडी पुण्यात. ते इकडे सहा महिने आले की गाडी पार्किंगमध्ये पडून राहते आणि परत गेल्यावर बॅटरी मेलेली. डॅशबोर्डवर ठेवायचं छोटं सोलर पॅनेल घ्यायला सांगू का?

धनऋण (पुणे)

ताई, पार्किंग इमारतीखाली असेल तर पॅनेलला ऊनच मिळणार नाही. आणि उघड्यावर असेल तर बहुतेक गाड्यांत किल्ली काढल्यावर सिगारेट लायटरचं सॉकेटच बंद होतं, मग पॅनेल त्यात खुपसून उपयोग शून्य. आजच्या गाड्यांत इमोबिलायझर, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर मिळून ३० ते ५० मिलिॲम्पिअर सतत जातात. ४५ ॲम्पिअर-तासाची बॅटरी त्यात दीड-दोन महिन्यांत आडवी होते. निघण्याआधी गाडी लांब फिरवून आणा आणि दहा नंबरच्या पान्याने ऋण टोक सोडवा. फुकटचं काम आहे. डिकी विजेवर उघडत असेल तर ती आधी उघडून बघा, किल्लीने उघडते का. नाहीतर परत आल्यावर पाना डिकीत आणि डिकी बंद.

शेजाऱ्याला महिन्यातून एकदा "गाडी सुरू करून दहा मिनिटं ठेवा" असं सांगू नका. महिनाभरात जेवढं उतरलं तेवढं जागेवरच्या दहा मिनिटांत भरत नाही.

सांगलीचा_सदा (डेन्व्हर)

समद्यांनी बॅटरीवर पीएचडी केली, पण एक गोष्ट राहिली राव. रानवारा, जॅक कसले आहेत? विजेचे असतील तर ते कॅम्परच्याच बॅटरीवर चालतात. बॅटऱ्या तळघरात आणि मार्चमध्ये अचानक कॅम्पर हलवायची वेळ आली तर? हाताने फिरवायचं हँडल सोबत आहे का ते आजच बघा. माझ्या हॅपीजॅकला ते चालतं, पण चार पाय हाताने वर घ्यायचे म्हणजे व्यायामशाळेचे पैसे वसूल.

आणि जॅक पूर्ण उंचावून ठेवू नका. कॅम्पर जेवढा खाली आणता येईल तेवढा आणा, पोटाखाली लाकडी ओंडके रचून भार त्यांच्यावर द्या. जॅकच्या पायांखाली रुंद फळ्या. जमीन गोठली की फुगते आणि वितळली की खचते, एक पाय दोन इंच खाली गेला की सगळा कॅम्पर तिरपा. पुढचं नाक किंचित उंच ठेवा, म्हणजे वितळलेलं पाणी मागे निघून जातं. छपराच्या सांध्यांचं सीलंट आत्ताच बघून घ्या, बर्फ पडल्यावर काही करता येत नाही.

रच्याकने (जाता जाता), पाणी काढलं का? पंप, गीझरची टाकी, नळ, संडासाचा व्हॉल्व्ह, सगळं रिकामं करून गुलाबी अँटीफ्रीझ फिरवा. गुलाबीच, प्रोपिलीन ग्लायकॉलवालं. गाडीच्या रेडिएटरचं घालू नका, ते विषारी असतं. गीझरला बायपास लावा, नाहीतर वीस-बावीस लिटर अँटीफ्रीझ नुसत्या त्या टाकीतच जाईल.

खडूस

आणि उंदीर?

सांगलीचा_सदा (डेन्व्हर)

वायरी आत जातात त्या प्रत्येक भोकात स्टीलचा काथ्या कोंबा. बाकी सगळे उपाय उंदीर वाचून सोडून देतात.

रानवारा

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटऱ्यांवरचा शिक्का पाहिला: एक चार वर्षांची, दुसरी सात. म्हणजे कोणीतरी मध्येच एक बदलली आहे. काकांचा अंदाज कामी आला.

तर बेत असा. सहलीहून आल्यावर दोन्ही बॅटऱ्या घरच्या चार्जरवर पूर्ण भरणार, एकमेकींपासून सोडवणार, रात्रभर थांबून व्होल्ट लिहून ठेवणार. चार वर्षांची कॅम्परमध्येच राहील, केबल काढून. सात वर्षांची तळघरात, मुलगा उचलेल. जॅक विजेचे आहेत, हँडल ओट्याखालच्या कप्प्यात सापडलं. पॅनेलची वायर काढून टोकांना टेप.

वसंतात पीडब्ल्यूएम काढून एमपीपीटी (पॅनेलमधून जास्त वीज काढणारा कंट्रोलर) बसवायचा विचार आहे, ऑनलाइन सेलमध्ये एक बरा दिसतोय, सेन्सरसकट. त्याला छपरावरची दोन्ही पॅनेलं मालिकेत जोडीन म्हणतो, म्हणजे वायरीतला तोटा कमी. बरोबर ना?

पेठकर_काका

थांबा, विकत घेण्याआधी एक आकडा बघा. कंट्रोलरला पॅनेलकडून कमाल किती व्होल्ट चालतात? पॅनेल थंड झालं की त्याचं व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण ०.३ टक्के. तुमचं पॅनेल २५ अंशांना २२ व्होल्टचं असेल तर उणे २५ च्या निरभ्र सकाळी ते २५ च्या वर जातं. मालिकेत दोन म्हणजे ५० च्या वर. पुष्कळ स्वस्त कंट्रोलरची मर्यादा नेमकी ५० असते. जुलैत हे कधीच दिसत नाही. हिवाळ्यातल्या पहिल्याच सहलीत दिसतं, आणि वॉरंटीत बसत नाही.

रानवारा

काका, लेबलचा फोटो मोठा करून पाहिला. ५० च आहे.

पेठकर_काका

मग ७५ किंवा १०० व्होल्टचा घ्या, किंवा पॅनेलं समांतरच राहू द्या आणि वायर जाड टाका. आधी छपरापासून बॅटरीपर्यंतचं अंतर मोजा आणि कळवा, वायरचा हिशेब इथेच करून देतो.

रानवारा

साडेचार मीटर, एका बाजूने. आत्ता बसवलेली वायर चार चौरस मिलिमीटरची वाटते, कॅलिपर उद्या लावतो.